बायकोचा कोच

३ जानेवारी, कळंब
प्रतीक्षाचं नाव पुण्याच्या महिलांच्या आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धेत लागलं. आठ देशांच्या बायका! नऊ डावांत सहा गुण मिळाले की नॉर्म. असे तीन नॉर्म झाले की किताब. दोन झालेत, हा शेवटचा.
बायको शाळेत गणित शिकवते, माझं मार्केट यार्डात पेंडीचं दुकान. तरी बुद्धिबळात घरातला सीनियर मीच. लग्नाला सहा वर्षं झाली, तिच्याशी एकही डाव जिंकलेलो नाही. पण ते तिला प्रोत्साहन म्हणून.
संकल्प : कोच म्हणून सोबत जाणे.

४ जानेवारी
तिला सांगितलं. म्हणाली, या की, पण तुमचं ते च्च तेवढं इथंच ठेवून या.
दुकानाच्या ओट्यावर डाव रंगला की चुकीच्या चालीला मी च्च करतो. एवढंच. आमचा माणिकप्पा हमाल तर दुसऱ्याची सोंगटी स्वतः उचलून सरकवतो. त्याच्यापुढं मी फारच सभ्य.
संकल्प : पुण्यात तोंड बंद.

११ जानेवारी, पुणे
हॉटेलचा एसी हॉल, मयताच्या घरी नसते एवढी शांतता. कोच कुठं बसतात, विचारलं. दोरीच्या पलीकडं प्रेक्षकांत बसा म्हणाले. सुपारी तोंडात धरून बसलो. पहिला डाव जिंकलो.

१२ जानेवारी
आज ती हरली.

१५ जानेवारी
पाच डावांत साडेतीन गुण. तीन जिंकलो, एक बरोबरीत सोडवला. तिची ती एक हार सोडली तर आमची कामगिरी उत्तम.

१८ जानेवारी
आठ डावांत साडेपाच. उद्या नुसती बरोबरी झाली तरी किताब. प्रतीक्षा जेवली नाही. तिला ओपनिंगबद्दल चार गोष्टी सांगितल्या. ती कानात बोळे घालून झोपली.

१९ जानेवारी, दुपारी
घोळ झाला. समोर कझाकस्तानची बाई. तिच्यापुढं प्रतीक्षानं वजीर फुकट ठेवला! सुपारी संपली होती. च्च झालं. पुढं घोडा हलवला, तेव्हाही झालं. बाईनं घड्याळ थांबवून पंच मॅडमना बोलावलं. म्हणे, हा माणूस खुणा करतोय. खरं ठरलं तर डाव शून्य आणि नॉर्म गेला. प्रतीक्षानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. लई भीती वाटली.

१९ जानेवारी, संध्याकाळी
पंच मॅडमनी बाजूच्या खोलीत नेलं. कोण तुम्ही, विचारलं. मी ताठ मानेनं सांगितलं, कोच. आता वाटतं, एवढं सांगायला नको होतं.
प्रतीक्षा शांतपणे म्हणाली, मॅडम, यांना एका चालीत मात होतीय असं कोडं घाला.
मॅडमनी पट मांडला. घाई हा माझा स्वभाव नाही. दहा मिनिटांत मी सहा चालींची जबरदस्त मात शोधून काढली. ती माझ्याच राजावर होत होती, ही बारीकशी गफलत.
मॅडम तोंडावर फाईल धरून हसत होत्या. तक्रार फेटाळली. म्हणजे मी निर्दोष! तरी मला हॉटेलच्या फाटकाबाहेर काढलं आणि डाव पुढं सुरू केला. तासाभरानं ती बाहेर आली. जिंकली. जिंकलो नाही, जिंकली. मला फुटपाथवर चक्क रडू आलं.

२२ जानेवारी, कळंब
यार्डात सत्कार. मलाही नारळ मिळाला. माणिकप्पानं सगळ्यांसमोर विचारलं, मालक, तुमचं च्च नडलं म्हनं, व्हय? प्रतीक्षा म्हणाली, तिथं नडलं, पण घरी तयारी करताना त्याच्यावरच तर माझा भरवसा. यांनी च्च केलं की चाल बरोबर.
सगळे हसले. मीही हसलो. थट्टा असणार.

२२ जानेवारी, रात्री
जेवणानंतर तिनं पुढच्या स्पर्धेसाठी पट मांडला. बराच वेळ विचार करून उंट तिरपा लांबवर नेला. खरंच सुंदर चाल होती. मी अगदी मनापासून वा म्हटलं.
तिनं उंट उचलून परत जागेवर ठेवला.