सूर्यावरचा न हलणारा डाग

३ मार्च, सकाळी ९
ही लेकीकडे जाऊन आज बारा दिवस. नातीच्या पहिल्या वाढदिवसाला मी गेलो नाही, कारण त्याच दिवशी शुक्र, पृथ्वी आणि गुरू एका रेषेत येणार होते. तसं अकरा वर्षांतून एकदाच जमतं. वाढदिवस काय, दर वर्षी असतो. जाताना ही म्हणाली, बोलवाल तेव्हा येईन. बोलवायची काय गरज? घर शांत आहे. रिसर्च झकास चाललाय.

४ मार्च
दुर्बिणीतून कागदावर सूर्य पाडला. मधोमध डाग! कालपर्यंत नव्हता. म्हटलंच होतं, ग्रहांच्या ओढीनेच सूर्यावर डाग पडतात. संकल्प: रोज नोंद. आणि भाजी घरीच करायची.

७ मार्च
एरवीचे डाग रोज थोडे सरकतात, हा मात्र ठाम. गुरूनेच धरून ठेवलाय. चौतीस वर्षं पाण्याचे मीटर वाचले, एक आकडा चुकला नाही. भाजी करपली. नोंदीत गुंतलो होतो, दुसरं काही नाही.

१० मार्च
विज्ञान मासिकाला माझा सिद्धांत कळवला होता. संपादकांचं उत्तर: गुरूच्या ओढीने सूर्याचा पृष्ठभाग जेमतेम मिलिमीटरभर उचलला जातो, तेवढ्याने डाग कसे पडतील? पुस्तकी माणूस! लांबच्या ओढीतलं त्याला काय कळतंय.
लेकीचा फोन. आई मजेत आहे म्हणाली. मी विचारलं नव्हतं.

१३ मार्च
चहा परत दोन कप झाला. दोन्ही मीच प्यायलो.

१४ मार्च, दुपारी १२
वरच्या मजल्यावरच्या, शाळेत सायन्स शिकवणाऱ्या बाईंना डाग बघायला बोलावलं. त्यांनी दुर्बीण जराशी हलवली. म्हणाल्या, काका, कागदावरचा सूर्य सरकला, डाग तिथेच राहिला. हा तुमच्या काचेवरचा कचरा. कधीपासून पुसली नाही? मी ठणकावून सांगितलं, माझी काच रोज पुसलेली असते. मग आठवलं, पुसायचं काम हिचं होतं.
चहा घेता का विचारलं. त्यांना पेपर तपासायचे होते.

१५ मार्च
हिला फोन केला. निव्वळ कामापुरता. काच पुसायचं मऊ कापड कुठं आहे? म्हणाली, अगंबाई, माझ्या पर्समध्येच राहिलं की. मागे नात खिदळत होती. ते कापड घेऊन ये, एवढंच म्हणायचं होतं. ओठांवर आलंही होतं. विचारलं, तसलं कापड कुठल्या दुकानात मिळतं? तिने दुकान सांगितलं. बरं म्हटलं.
कापड आणलं. काच पुसली.
डाग: शून्य.