मानेवर टांगलेली राणी

तीर्थरूप बाबा,
लेकीचा वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, जेवते वेळेवर. सुट्टीला नाट्यगृहं, चित्रांची दालनं बघत फिरते. परवा संग्रहालयात तुम्ही कोरलेली कळसूत्री राणी बाहुली भेटली. काचेच्या कपाटात ऐटीत आहे. फक्त सगळा भार मानेच्या दोरीवर दिलाय, खांद्याच्या दोऱ्या सैल लोंबतात. भार खांद्यांनी घ्यायचा, हा तर तुम्ही शिकवलेला पहिला धडा.

रखवालदार म्हणाले, "ताई, काचेला हात नका लावू. सूचना वहीत लिहा." मी लिहिलं. आज पुन्हा गेले, तर उत्तराची जागा कोरीच. राणीच्या हनुवटीखाली बारीक चीर पडली आहे.

आईचा गुडघा कसा आहे? तुमचे हात आता थरथरत नाहीत ना? नवी मान कोरता येईल का, तेवढं खरं कळवा.

तुमची,
धाकटी