बाईंच्या नावावर एक प्रियकर

रविवार, १४ जून १९९८

“मी कुणासाठी थांबले नाही, मला इथं राहायला आवडलं.” मी पंधरा वर्षांची असताना शेजारच्या हॅरिएटबाई म्हणाल्या होत्या, इस्त्री करता करता, मोडक्या मराठीत. महायुद्धात त्या इंग्लंडहून खडकीच्या लष्करी दवाखान्यात परिचारिका म्हणून आल्या. लढाई संपली तरी परतल्या नाहीत, जन्मभर एकट्या राहिल्या. या मार्चमध्ये वारल्या.

त्यांच्यावरचा माझा लेख आज पुरवणीत आला. अर्ध्या पानावर कॉम्प्युटर कोर्सची जाहिरात, उरलेल्यात बाई. मथळा, ‘लढाईत हरवलेल्या प्रियकरासाठी’. मी तर कुठलाच प्रियकर लिहिला नव्हता.

संपादकांना घरी फोन केला.

“अहो मॅडम, बाई एकटी राहिली म्हटल्यावर वाचकाला कारण लागतं.”

“लिहिलं होतं की. आवडलं म्हणून.”

“ते काय कारण झालं? आणि मंगळवारी मी विचारलं होतं, थोडं रंगवू का. तुम्हीच ‘बघा’ म्हणालात.”

मी म्हणाले होते खरी. लेख दोन महिने पडून होता, तो छापून यायला हवा होता. ते प्रियकर घालतील हे मला माहीत होतं का? अंदाज होता. मीही एकटीच राहते, लोक मला काय काय विचारतात ते रोज ऐकते. तरीही ‘बघा’.

उद्या कचेरीत जाणार आहे. ते नाहीच म्हणतील, तरी सांगणार आहे, की पुढच्या रविवारी माझ्या नावानं दोन ओळी छापा: हा प्रियकर खोटा आहे, आणि तो मला विचारून घातला होता.