तक्रार नाही

दि. ९ मार्च

ती. ताईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा तुझ्याकडून परतल्यावर गुडघा सुजला, पण आता बरा आहे. भावोजींनी थोडी पेज घेतली, असं नर्सबाईंकडून कळलं. तूही दोन घास खात जा.

परवा वॉर्डाबाहेर तू म्हणालीस, "माझ्याच जिभेनं घात केला गं. त्यांना म्हटलं, घरात माणूस नाही, दगड बसलाय. तासाभरात ते कालव्यावर गेले." कालव्याच्या फाटकावरच्या राखणदारानं त्यांना ओढून काढलं म्हणून ते वाचले. तू रडत होतीस आणि मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत गप्प बसले होते. ते गप्प बसणं मला सोसवेना, म्हणून लिहितेय.

माझं काम काय, हे तू कधी नीट विचारलं नाहीस. गांजात असतात तशा जातीची द्रव्यं आपलं शरीर स्वतःच बनवतं. ती स्नायूतल्या ठरावीक जागांवर जाऊन बसतात. फार झाली की स्नायू सुस्तावतो, रक्तातली साखर ओढून घेत नाही, जाळतही नाही. आमची गोळी त्या जागा अडवते. भावोजींची साखर हट्टी, म्हणून मीच त्यांना या गोळीच्या चाचणीत आणलं. नातं कागदावर लिहिलं नाही.

गोळी लागू पडली. त्यांच्या मांडीतून मी सुईनं काढलेला तुकडा तपासला, तर स्नायू भट्टीसारखा पेटलेला. असे आकडे बारा जणांत कुणाचेच नव्हते. मी हुरळून गेले.

पण तशाच जागा मेंदूतही असतात, ताई. त्या अडल्या की माणसाचं मन विझू शकतं. ही गोळी मेंदूपर्यंत पोचणार नाही, असं आम्ही धरून चाललो होतो.

पाचव्या आठवड्यात सायकलच्या यंत्रावरून उतरताना भावोजी म्हणाले, "चिमणे, पायांत जोर आलाय गं. पण तो घेऊन जायचं कुठं, तेच कळेना."

मी हसले. ते हसले नाहीत.

"एक दरवाजा रंधा मारायला घेतलाय. आठ दिवस तसाच पडलाय. हात लावावासा वाटत नाही."

मला तेव्हाच कळलं होतं. मागाहून नव्हे, तेव्हाच. तरी मी म्हणाले, "तीनच आठवडे राहिलेत, भावोजी. एवढं पार पाडा."

"तू म्हणतेस तर पाडतो."

फॉर्मवर 'मनःस्थिती' असा रकाना होता. त्यात मी लिहिलं, 'तक्रार नाही'. खाली सही केली. त्यानंतर नवव्या दिवशी ते कालव्यावर गेले.

काल सकाळी मी आमच्या प्रमुखांसमोर तो फॉर्म ठेवला आणि सगळं सांगितलं.  त्यांनी लगेच चाचणी थांबवली. बाकीच्या अकरा जणांना बोलावून गोळ्या परत घेतल्या. त्यांतल्या दोघांना तसंच होत होतं, पण त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. माझी चौकशी होईल, ती व्हायलाच हवी. वॉर्डातल्या डॉक्टरांनाही मी फोनवरून गोळीबद्दल सांगितलंय. गोळीचा अंमल उतरेल तसं मनही सावरेल, असं त्यांना वाटतंय. त्याला दिवस लागतील, आणि खात्री कुणी देत नाही.

संसारात माणूस चिडून बोलतोच. तू बोललीस त्याच्या कितीतरी आधी ते आतून खचले होते, आणि मला ते ठाऊक होतं. हे ओझं तू घेऊ नकोस.

ते ऐकण्याजोगे झाले की हे पत्र त्यांना वाचून दाखव. यातलं काही गाळू नकोस. त्यांना वाटत असेल, आपणच कमकुवत निघालो.

मी तिकडे येणार नाही. तुम्ही दोघांनी बोलावलंत तरच येईन, आणि नाही बोलावलंत तर तेही मला समजेल.

त्यांनी विश्वासानं ज्याच्यापुढे मांडी धरली, तोच हात हे लिहितोय.

तुझी धाकटी