अनस्केथ्ड आणि मानसिंगचा नारळ

कडेगाव, जानेवारी १९६६

तीर्थरूप आप्पामामांच्या चरणी नानासोचा साष्टांग नमस्कार. साताऱ्याच्या थंडीत आपला दमा कसा आहे? मामींचे गुडघे? इकडे सर्व खुशाल, फक्त मला गावात तोंड दाखवायला जागा राहिलेली नाही.

आपण पाठवलेल्या डिक्शनरीचा यात दोष नाही. तानुबाईंचा मानसिंग लढाईवरून परत येणार म्हणून सत्कार ठरला आणि इंग्रजीचा मास्तर म्हणून भाषण माझ्या गळ्यात पडलं. डिक्शनरीत मला ‘अनस्केथ्ड’ सापडला: अंगाला ओरखडाही न लागता सुटलेला. (त्यातला ‘अन’ काढला तर उरलेला शब्द सहसा कुणी वापरत नाही, हेही मी वर्गात ऐटीत सांगून टाकलं.) आदल्या दिवशी तानुबाई काही सांगायला दारात आल्या होत्या. मी भाषण पाठ करत होतो. उद्या बोलू म्हणून त्यांना वाटेला लावलं.

मानसिंग एसटीतून उतरला तो थेट मांडवात. आपल्याकडची रीत आपण जाणताच: फेटा, गळाभर हार, वर शाल. माणसाचं नाक तेवढं दिसतं. मी तो शब्द पुन्हापुन्हा म्हटला, अर्थ फोडून सांगितला. लोक गप्प झाले ते माझ्या इंग्रजीनं दिपून, असं मला वाटलं. मग नारळ दिला, तर त्यानं डावा हात पुढं केला. मी सगळ्यांदेखत म्हणालो, “मानसिंगराव, मानाचा नारळ उजव्या हातानं घ्यावा.”

“उजवा तिकडंच ऱ्हायला, मास्तर,” तो हळूच म्हणाला. “डाव्यावर भागवून घ्या.”

लाउडस्पीकर चालू होता. तानुबाईंनी ही बातमी अख्ख्या गावाला सांगितली होती. माझ्याच दारातून ती तशीच परत गेली होती. मामा, फार लाज वाटते. हल्ली मी मागच्या गल्लीनं शाळेत जातो.

आपला आज्ञाधारक भाचा,
नानासो

ता. क. : मूळ काम राहिलंच. आपल्या ओळखीनं साताऱ्यात माझी बदली जमते का पाहावं. (दम्याची चौकशी मात्र मनापासून केली आहे.)

आणखी ता. क. : बदलीचं राहू द्या. पत्र टाकायला निघालो तर मानसिंग पाटी घेऊन दारात. डाव्या हातानं लिहायला शिकायचं म्हणतो. उद्यापासून सकाळी येणार. जाताना म्हणाला, “मास्तर, त्यो तुमचा सबूद उजवा हात सोडून बाकीच्या अंगाला चालंल का? आईला तेवढंच बरं वाटंल.” मी पुन्हा डिक्शनरी उघडली. तिच्यात याचं उत्तर नाही. आपण जन्मभर इंग्रजी शिकवलंत. चालत असेल तर उलट टपाली कळवा, आणि चालत नसेल तरी चालतो असंच कळवा.