साष्टी हेही बेटच आहे

पौष शुद्ध ७, शके १८०६. कल्याण.

पंढरी दुपारच्या गाडीने आला. मुंबईच्या कॉलेजास नाताळची बारा दिवसांची सुटी आहे. हातात पेटी नाही, काखेत कागदांची भली मोठी गुंडाळी! गोदेने दारातच विचारले, "धुवायचे कपडे कुठे आहेत?" — "ते राहिले, आई. कागद आणले." जावई वारल्यापासून हे मायलेक माझ्याकडेच आहेत, असल्या उत्तरांची तिला सवय आहे.

बी. ए.च्या वर्गात दुसरा आला, असे त्याने सांगितले. पहिला कोण, हे मी विचारले. त्याने नाव सांगितले. प्रश्न का विचारला, ते तो समजला.

जेवताना म्हणाला, घारापुरीच्या लेण्यांतील खांब मोजायचे आहेत. कळव्याचा दामाजी कोळी होडीतून नेण्यास कबूल आहे. मी प्रयोजन विचारले. "दोन पुस्तकांत दोन मापे दिली आहेत, नाना. एक तरी खोटे असले पाहिजे." प्रयोजन योग्य. अनुमती दिली.

पौष शुद्ध ९

काल पहाटे गेला. गोदेने दोन दिवसांच्या दशम्या दिल्या आहेत. तरी ती दर घटकेस दाराशी!

पौष शुद्ध ११

परतला. तळहात सोलले आहेत, चेहरा उन्हाने काळा पडला आहे. सव्वीस कागद भरून आकृत्या. दोन्ही पुस्तकांतली मापे चुकीची निघाली! "खांब एकसारखे नाहीतच, नाना. दिसतात मात्र एकसारखे." मी तीन आकृत्यांतील बेरजा तपासल्या. बिनचूक. कागद नीट रचून परत दिले.

पौष शुद्ध १३

आज घोटाळा झाला. नारोपंत वकील ओसरीवर बसले असता दामाजी अंगणात आला. बाजारास आला होता. हातात मापाची दोरी — गाठी मारलेली.

"शास्त्रीबावा, तुमचा पोर ही बेटावर इसरला व्हता."

नारोपंतांनी कान टवकारले. "कोणत्या बेटावर?"

"घारापुरी. लय धीराचा पोर! ओकून ओकून अर्धा झाला, पन वल्हं सोडलं नाय. मी बोल्लो, नीज जरा, तर बोल्तो, तू निजतोस का? आनि पहाटं होडीतच बसून, हातात पानी घेवून, तुमचं ते नाक धरायचं सगलं केलं. होडी हाल्ते, ह्यो हालत नाय!"

दामाजी मनापासून वाखाणीत होता. मीही मनातून फुललो होतो — हे येथे लिहिण्यास हरकत नाही. नारोपंत मात्र उपरणे सावरून उठले. "म्हणजे समुद्रगमन झाले, शास्त्रीबोवा."

पौष पौर्णिमा

ब्रह्मवृंदाचा निरोप आला. परवा देवळात सभा. मागणी अशी: पंढरीने क्षौर करून प्रायश्चित्त घ्यावे, आणि पुन्हा मुंबईच्या कॉलेजात न जाण्याचे लिहून द्यावे. न दिल्यास आमच्या घरी कोणी पाणी घेणार नाही.

गोदा म्हणाली, "त्याला लिहून देऊ दे, नाना. इथे शाळेत मास्तर होईल. माझ्या डोळ्यांपुढे राहील." पंढरी म्हणाला, "गेलो ही गोष्ट खरी आहे. ती मी नाकारणार नाही. बाकी नाना ठरवतील."

पौष वद्य २

सभा झाली. तपशील लिहून ठेवतो.

नारोपंतांनी आरंभ केला. मी एवढेच म्हटले, आधी व्याख्या करा. ते म्हणाले, "खारे पाणी ओलांडून बेटावर जाणे, हे समुद्रगमन." मी ती त्यांच्याकडून तीन वेळा वदवून घेतली. मग विचारले,

"परवा आपण कोठे होता?"

"ठाण्यास. कचेरीत."

"ठाणे कोठे आहे?"

"म्हणजे? साष्टीत."

"साष्टी हे काय आहे?"

मागे कोणीतरी फिसकन हसले. कळव्याची खाडी ओलांडल्यावाचून येथून ठाण्यास जाता येत नाही, आणि साष्टीच्या चहूबाजूंस खारे पाणी आहे, हे सभेतील प्रत्येकास ठाऊक आहे. निम्म्यांचे दावे तेथेच पडलेले आहेत!

"पण तेथे आगगाडीचा पूल आहे!" नारोपंत ओरडले.

"पुलाने पाप कोरडे होते काय?"

"होडीत बसणे निराळे!"

"म्हणजे दोष पाण्यात नाही, होडीत आहे. मग खाडीपलीकडच्या कोन गावी श्राद्धाचे जेवण असते, तेव्हा आपण नावेतून जाता की पोहत?"

या वेळी सगळीच सभा हसली. वृद्ध गणेशभट डोळे पुसत म्हणाले, "नारोपंत, बसा आता. नाहीतर आपल्या सगळ्यांनाच क्षौर करावे लागेल." प्रकरण काढून टाकण्यात आले.

चाळीस वर्षे न्यायशास्त्र शिकविले. इतका निर्विवाद जय क्वचितच मिळाला.

पौष वद्य ४

पंढरीस स्टेशनवर पोहोचविण्यास मी स्वतः गेलो. एरवी जात नाही. गाडीत बसल्यावर खिडकीतून म्हणाला,

"नाना, रागावणार नसाल तर एक बोलू?"

"युक्तिवाद असेल तर बोल."

"नारोपंत गप्प झाले. पण मी निर्दोष ठरलो नाही. फार तर तेही माझ्याइतकेच दोषी ठरले."

गाडी हलली, म्हणून उत्तर द्यावे लागले नाही.

घरापर्यंत चालत आलो. त्याचे म्हणणे अचूक आहे! 'तूही तसाच' एवढे दाखविल्याने प्रतिपक्षाचे तोंड बंद होते, आपला पक्ष सिद्ध होत नाही. हे मी प्रत्येक विद्यार्थ्यास पहिल्याच वर्षी बजावीत आलो. सभेत चार शास्त्री बसले होते. एकाच्याही लक्षात आले नाही. त्याच्या आले — आणि लाभ त्याचाच होता! लाभ आपल्या पदरात पडत असता खोट पाहणारा मनुष्य मी आजवर पाहिला नव्हता.

मला राग आला नाही, असे म्हणणे खरे होणार नाही. पण दुसरी गोष्ट अधिक खरी आहे. छाती भरून आली.

पौष वद्य ११. संक्रांत.

नारोपंतांनी तिळगूळ पाठविला. स्वतः आले नाहीत. पंढरी खरोखर निर्दोष ठरेल असा सिद्धांत मी बांधीत आहे. अद्याप उभा राहत नाही.

माघ शुद्ध १

पंढरीचे पत्र. त्याच्या खोलीतील सोबत्यांनी खांबांच्या आकृत्या भिंतीवर लावल्या. खाणावळीतला आचारी त्यास आता 'घारापुरीकर' म्हणतो! सकाळी गणित, दुपारी पदार्थविज्ञान, शनिवारी वादसभा. मागल्या शनिवारी मुद्दाम हरणारा पक्ष घेतला आणि जिंकला. शेवटी एकच ओळ: "आपले उत्तर येण्याची वाट पाहत आहे."

माघ शुद्ध ३

काही सुचत नाही. जेवताना बोटे मोजीत होतो. गोदेने ताक वाढता वाढता विचारले, "एवढे काय अडले आहे, नाना?" मी सांगितले, समुद्रगमनास दोष कशाने लागतो, हे ठरत नाही.

"मला त्यातले काय कळते! पण तो बेटावरून आला तेव्हा मी एवढेच पाहिले — गेला तोच परत आला की दुसरा. तोच होता. हातपाय धुऊन, कोणी न सांगता, संध्येला बसला. मग पाणी कोणते होते, याच्याशी मला काय करायचे आहे?"

पान तसेच टाकून उठलो. गोदा म्हणाली, "अहो नाना, भात!"

माघ शुद्ध ५

सिद्धांत पुरा झाला. सार असे. निषेधास कारण असते. येथे कारण पाणी नव्हे. परक्या ठिकाणी मनुष्याचा आचार सुटतो, हे कारण आहे. जेथे आचार सुटत नाही तेथे कारण नाही. जेथे कारण नाही तेथे निषेध लागत नाही. दृष्टांत: दामाजीच्या हलत्या होडीतील पहाटेची संध्या. साक्षी: दामाजी स्वतः.

परिपूर्णतेसाठी आणखी एक कलम घातले, की अंतर हा कारणाचा भाग नाही. पाणी खाडीचे असो वा महासागराचे, न्याय एकच. हे न घातले असते तर पंढरीने तेथेच बोट ठेवले असते.

खाली नाव घातले. एक प्रत त्यास, एक गणेशभटांस, एक माझ्यापाशी.

माघ वद्य १

पंढरीचे पत्र. येथे उतरवितो.

"आपला कागद तीन वेळा वाचला. खोट नाही. आता सांगतो. एका संस्थानाने स्थापत्यविद्या शिकण्यासाठी मला विलायतेस पाठविण्याचे ठरविले आहे. निवड नाताळच्या आधीच झाली होती. तेव्हाच सांगितले असते तर आपण नातवासाठी लिहिले असते. मला शास्त्र्याने लिहिलेले हवे होते. बेटावर गेलो तो खांबांसाठी, तसाच हेही पाहण्यासाठी, की हलत्या होडीत संध्या होते की नाही. होते. ओकारी आली तरी होते. आपण 'नको' म्हणालात तर जाणार नाही. आईला सांगण्याचे धैर्य मला नाही."

दोन प्रहर माझ्याच कागदात खोट शोधीत बसलो. अक्षर माझे, कलमे माझी. शेवटचे कलम तर कोणी मागितलेही नव्हते! पुन्हा पाहिले. खोट नाही.

उत्तर लिहिले. एक शब्द: "जा."

माघ वद्य २

गोदेस समोर बसवून आधी माझा कागद वाचून दाखविला. तिने प्रत्येक कलमास मान हलविली. "बरोबर आहे. मीच तर म्हटले होते." मग पत्र वाचले.

बराच वेळ ती पदराने जमीन पुसत राहिली.

मग म्हणाली, "नाना, दशम्या किती दिवस टिकतात?"