होडीच्या फळ्यांची पेटी

मी, श्रीमती यमुनाबाई आनंदा भाटकर, वय बहात्तर, धंदा सुकी मासळी विकणे, राहणार भाटीवाडी, तालुका रत्नागिरी, शुद्धीवर असताना आणि स्वखुशीने हे मृत्युपत्र करते. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपणाला मी दाद देत नाही, हे वाडीला ठाऊक आहे.

१. माझा विश्वास प्रभू येशूवर आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी नाव बदलायचे का, असे पास्टरांनी विचारले होते. मी नको म्हटले. ज्याने हाक मारली, त्याला यमुना कळते.

२. राहते घर सून हेतल हिला द्यावे. मुलगा हितेश याने राग धरू नये, कारण त्याला माहीत आहे. माझा बाप्तिस्मा झाला त्या वर्षी नारळी पौर्णिमेला मी होडीच्या नारळाला हात लावला नाही, म्हणून वाडीने आम्हाला वाळीत टाकले. विहीर बंद झाली, बंदरावर मासळी मिळेना. हितेश मुंबईहून आला आणि देवळात जाऊन मिटवून टाक म्हणून मागे लागला. "आये, नुसता नारळ फोड. मनात तुजा येशू ठेव." मी म्हटले, "मनात जा हाय, ता हातानं खोटा कसा करू?" तो रागावून परत गेला. हेतल मात्र राहिली. तिने दुसऱ्या बंदरावरून मासळी आणली आणि पालीच्या बाजारात माझ्याशेजारी बसून विकली. ती आजही तिच्या देवापुढे दिवा लावते. मी तिला कधी अडवले नाही, तिनेही मला नाही.

पडवीतली रविवारची प्रार्थना तिने चालू राहू द्यावी आणि येणाऱ्यांना चहा द्यावा. तिने स्वतः प्रार्थनेला बसावे अशी अट नाही. श्रद्धा माझ्या मालकीची वस्तू नव्हे, तेव्हा ती या कागदाने कोणाच्या नावे करता येत नाही.

३. बँकेतले पैसे नात दिशा हिच्या शिक्षणाला द्यावेत. तराजू शेजारीण गोदा हिला द्यावा. वाळीत असताना ती मला पाहून तोंड फिरवायची, ते मी सोडून दिले. पण तिचा काटा कायम तिच्याच बाजूला झुकतो, ते सोडवत नाही. माझ्या तराजूने तरी नीट तोलावे.

४. हे कलम सर्वांत महत्त्वाचे. त्या काळात माझ्या नवऱ्याच्या होडीवर एकही खलाशी चढला नाही. होडी किनाऱ्यावर सुकत पडली. आनंदा ख्रिस्ती नव्हता. बायकोला आवर, असे कोणी सांगायला आले की तो खाली मान घालून जाळे विणत बसायचा. मला त्याने एकदाही बोल लावला नाही. तो गेल्यावर मी सुताराकडून त्या होडीच्या फळ्यांची माझ्यासाठी पेटी करून घेतली. ती माळ्यावर आहे. सध्या तीत आमसुले भरली आहेत, ती आधी काढावीत. मला त्या पेटीतून रत्नागिरीच्या ख्रिस्ती दफनभूमीत न्यावे आणि प्रार्थना करून पुरावे. जाळू नये.

५. वाळीत टाकल्याचे बैठकीत जाहीर केले ते माझे धाकटे दीर काशीराम यांनी. ते वाडीचे मानकरी. पुढे विहीर सुटली, बोलणे सुरू झाले, पण त्यांचा एक शब्द माझ्या मनातून गेला नाही. "जिती हायस तवर तुजा देव. मेलीस की आमची, आमी जाळणार." हितेश काकांपुढे तोंड उघडत नाही. मेल्यावर मला तर बोलता येणार नाही. मला याचीच भीती वाटते, दुसऱ्या कशाची नाही.

म्हणून साक्षीदार काशीराम भावोजीच हवेत असे मी ठरवले. होडीचा नांगरही त्यांनाच द्यायचा होता. वकीलबाई म्हणाल्या की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. मी भावोजींना बोलावून चौथे कलम वाचून दाखवले आणि विचारले, नांगर हवा की सही करता? ते उठले. मग शिडी लावून माळ्यावर गेले. खाली आले तेव्हा त्यांच्या हाताला आमसुलांचा रंग लागला होता. म्हणाले, "नांगर दिशाला दे."

त्याप्रमाणे नांगर दिशाला द्यावा.

हे सर्व मला वाचून दाखवले, ते बरोबर आहे. याखाली मी सर्वांदेखत सही करते.

ठिकाण : रत्नागिरी
दिनांक : १२ नोव्हेंबर २०२५

(सही) यमुनाबाई आनंदा भाटकर

साक्षीदार :
१. (सही) विनीत सातपुते, पास्टर, रत्नागिरी
२. (सही) काशीराम भाटकर, भाटीवाडी

दुसऱ्या साक्षीदाराने सहीखाली स्वतःच्या हाताने लिहिलेला मजकूर : होडी माज्या भावाची हाय. पयला खांदा माजा.